होला कोणता, पारवा कोणता?

पुण्याच्या वायव्येस मुळा आणि पवना ह्या दोन नद्यांच्या मध्यें सांगवी हें गांव वसलेलें आहे. गांव म्हणावयाचें तें जुन्या संवयीनें. १९८२ सालीं जेथें महानगरपालिका झाली त्या पिंपरी-चिंचवड शहराचाच तो आज एक भाग आहे. शेतांच्या जागीं बहुमजली इमारती आल्या, पायवाटांचे रस्ते झाले. तरीहि नदीकांठच्या बाभळी, औंधच्या बाजूची जुनी झाडी आणि इमारतींच्या मधून वांचलेलीं मोकळीं आवारें ह्यांच्या आश्रयानें पक्ष्यांचें एक कूळ येथें अद्याप नांदत आहे. पहांटे खिडकी उघडली कीं त्याचा घुमणारा आवाज कानीं पडतो. हा आवाज कोणाचा, असें घरांत कोणी विचारलें तर उत्तर बहुधा ठरलेलें असतें : कबूतर.

हें उत्तर पुष्कळदां चुकीचें असतें, आणि ती चूक केवळ नांवाची राहत नाहीं. एखाद्या घराच्या गॅलरींत, कुंडीमध्यें चार काड्या रचून एक पक्षी अंड्यांवर बसलेला असतो. कबूतर घाण करतें, कबुतरांच्या विष्ठेमुळें श्वासाचे विकार जडतात, असें ऐकलेलें असतें. आणि त्यांत तथ्यहि आहे. तेव्हां काड्या आणि अंडीं कचऱ्याच्या डब्यांत जातात. बसलेला पक्षी कबूतर नव्हता, होला होता, हें त्या घरांत कोणालाच कळत नाहीं. कळलें असतें तर कदाचित् हात थांबला असता. कारण पारवा आणि होला ह्यांच्यांत निसर्गानें जसा भेद केला आहे तसा देशाच्या कायद्यानेंहि पूर्वीं केला होता.

आपल्या प्राचीन वाङ्मयानें ह्या बाबतींत फारशी मदत केलेली नाहीं. संस्कृतांत पारव्याला 'पारावत' हा वेगळा शब्द आहे खरा, परंतु 'कपोत' ह्या एका शब्दांत हें सारें कूळ सहज सामावून जातें. महाभारताच्या शांतिपर्वांत कपोत आणि लुब्धक ह्यांची कथा आहे. वादळी पावसानें गारठलेला पारधी एका झाडाखालीं आसरा घेतो. त्याच्या पिंजऱ्यांत एक कपोती अडकलेली असते, आणि तिचा नवरा नेमका त्याच झाडावर बसलेला असतो. दाराशीं आलेला शत्रु असला तरी तो अतिथि होय, असें मानून तो कपोत पारध्याच्या भुकेसाठीं स्वतः अग्नींत उडी घेतो. कथा आतिथ्यधर्माची आहे. तो कपोत होला होता कीं पारवा, ह्यानें तिचा अर्थ पालटत नाहीं. कवीला हा भेद करण्याची गरजच नव्हती. पारध्याला मात्र ती पावलोपावलीं होती.

ज्या काळीं बंदूक घेऊन रानांत जाणें कायद्यानें शक्य होतें त्या काळीं ज्वारी-बाजरीचीं पिकें निघालीं कीं सांडलेला दाणा टिपण्यासाठीं होले, पारवे, तित्तिर, लावे असे सर्वच पक्षी शेतांत उतरत. चांगला शिकारी पक्ष्याचें नांव मनांत घेतल्याशिवाय बंदूक खांद्याला लावीत नसे. ह्याला कारण केवळ शिस्त नव्हे. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या यादींत मोर, तित्तिर, लावे ह्यांच्याबरोबर पारव्यांच्या वर्गाचेंहि नांव होतें, आणि ह्या पक्ष्यांसाठीं विणीचा काळ शिकारीला बंद ठरवितां येत असे. जो पक्षी ओळखतां येत नाहीं त्याचा काळ खुला आहे कीं बंद, हें ठरविणार कसें?

पुढें १९५१ सालीं मुंबई राज्यानें स्वतःचा कायदा केला, आणि १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा मध्यवर्ती कायदा आला. त्यांतहि आरंभीं कांहीं पक्ष्यांची परवान्यानें शिकार करतां येत होती. १९९१ च्या दुरुस्तीनें तो मार्गहि बंद झाला. होल्यावर बार काढणें हा आज गुन्हा आहे. शिकार गेली हें बरेंच झालें. परंतु तिच्याबरोबर शिकाऱ्याची नजरहि गेली, हें मात्र बरें झालें नाहीं. ती नजर परत मिळविणें कठीण नाहीं, आणि तिच्यासाठीं बंदुकीची गरजहि नाहीं.

जाणता शिकारी रंगापासून आरंभ करीत नसे. पहांटेच्या आणि सांजेच्या उजेडांत सगळेच होले राखाडी दिसतात. आधीं आकार, मग शेपटी, मग मान, मग पाठ आणि शेवटीं आवाज, असा क्रम ठेवला तर फसगत कमी होते. आकार मोजावयास दोन ओळखीचीं मापें पुरेशीं आहेत. लहान माप साळुंकीचें आणि मोठें माप पारव्याचें. साळुंकी सुमारें २३ सेंटिमीटर लांब असते, तर पारवा सुमारें ३३.

प्रथम पारव्याला बाजूस काढावें. रानांतला पारवा आणि शहरांतलें कबूतर ह्यांची जाति मूळची एकच. अंग भरदार, रंग पाटीसारखा करडा, मानेवर हिरवी-जांभळी झळाळी आणि मिटलेल्या पंखावर दोन काळे आडवे पट्टे, ही त्याची खूण. पाळीव कबुतरांच्या मिसळीमुळें शहरांत पांढरे, तपकिरी, ठिपक्यांचे असेहि पारवे दिसतात. म्हणून केवळ रंगावर विसंबूं नये. पारवा मूळचा कड्यांवरचा पक्षी असल्यामुळें त्याला इमारतीची कड किंवा खिडकीवरची पडदी आवडते. झाडावर तो क्वचित् बसतो. होला त्या मानानें सडपातळ, डोकें लहान, शेपटी लांबट, रंग मातीच्या छटेचा. तो फांदीवर व तारेवर सुखानें बसतो आणि बहुधा जोडीनें फिरतो. पारवे मात्र थव्यानें उडतात.

पारवा वेगळा झाला म्हणजे उरतात ते होले. पुणें आणि आसपासच्या मुलखांत लक्षांत ठेवण्यासारखे मुख्य होले चार. त्यांचीं मराठी नांवें गांवोगांव बदलतात. कोठें होला म्हणतात, कोठें कवडा. मारुती चितमपल्ली ह्यांनीं 'पक्षिकोशा'चें मोठें काम केलें तें ह्याच अडचणीपायीं. येथें नांवें खुणेवरून घेतलीं आहेत, म्हणजे नांव आठवलें कीं खूणहि आठवेल.

पहिला ठिपकेवाला होला. लांबी सुमारें ३० सेंटिमीटर. ह्याच्या मानेच्या मागच्या बाजूस काळा पट असून त्यावर पांढरे ठिपके असतात. जणूं बुद्धिबळाचा पट मानेवर पांघरला आहे. पाठ आणि पंख तपकिरी, आणि त्यांवरहि फिकट ठिपके. पाठीवर ठिपके असलेला आपल्याकडील होला हा एवढाच. शेपटी लांब, कडेच्या पिसांचीं टोकें पांढरीं. उडतांना तीं स्पष्ट दिसतात. बागा, झाडी, पाण्याजवळचा ओलावा ह्याला मानवतो. भारतांतील ह्या होल्याच्या शास्त्रीय नांवांत सुरत शहराचें नांव गोंवलेलें आहे.

दुसरा लहान तपकिरी होला. लांबी २५ ते २७ सेंटिमीटर. ह्याचाहि पट आहे, पण तो मानेच्या मागें नसून पुढें, गळ्याच्या दोन्ही बाजूंस आहे. आणि त्यावर पांढऱ्याऐवजीं तांबूस व काळे ठिपके आहेत. पाठ अगदीं साधी, बिनठिपक्यांची, मातकट. पंखाच्या कडेला निळसर राखाडी पट्टी दिसते. आवाज मऊ आणि दबका. कोणी ओठ मिटून हंसावें तसा. इंग्रजी नांवांतहि हंसण्याचाच उल्लेख आहे. कोरडा मुलूख, माळरान, घराचें अंगण ह्यांत हा वावरतो, आणि गॅलरींतल्या कुंडींत घरटें करण्याचें धाडस हाच पुष्कळदां करतो.

तिसरा कंठी होला. चौघांत हा थोराड. लांबी सुमारें ३२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पारव्याएवढी. अंगाचा रंग फिकट, वाळूसारखा राखाडी, आणि मानेच्या मागें काळी अर्धवर्तुळाकार रेघ. ठिपका कोठेंहि नाहीं. बाभळीचा उघडा, कोरडा प्रदेश हें ह्याचें आवडतें ठिकाण. आवाज तीन अक्षरांचा, मधलें अक्षर लांबविलेलें : कु-कूऽऽ-कु. ह्या आवाजावरून ग्रीक लोकांत एक कथा आहे. वर्षाला अवघीं अठरा नाणीं मिळविणाऱ्या एका मोलकरणीनें देवाकडे गाऱ्हाणें केलें, आणि देवानें तिचें दुःख जगाला कळावें म्हणून हा पक्षी निर्माण केला. ग्रीक भाषेंत अठरा ह्या आंकड्याला जो शब्द आहे तोच हा पक्षी घोकतो, असें त्या लोकांच्या कानांना वाटलें. आणि १८३८ सालीं शास्त्रीय नांव देतांना तोच शब्द पक्ष्याला चिकटला. हा पक्षी विसाव्या शतकांत बाल्कन प्रदेशांतून युरोपभर पसरला आणि १९५५ सालीं इंग्लंडांत त्यानें प्रथम घरटें केलें. आपल्या बाभळीवरचा हा पाहुणा असा दूरदेशींहि घर करून बसला आहे.

चौथा लाल होला. हा सर्वांत लहान, साळुंकीएवढा, शेपटी आंखूड. नराचें अंग विटेसारखें तांबूस, डोकें राखाडी निळसर आणि मानेमागें कंठी होल्यासारखीच काळी रेघ. मादी मात्र नरासारखी नसते. ती राखाडी-तपकिरी असते. बाकीच्या तीन होल्यांत नर-मादी पाहून ओळखतां येत नाहींत. लाल होल्यांत येतात. ह्याच्या शास्त्रीय नांवांत तामिळनाडूंतील तरंगमबाडी, म्हणजे जुनें त्रांकेबार, ह्या गांवाची आठवण आहे.

सारांश सांगावयाचा तर तो मानेवरच लिहिलेला आहे. पट मागें तर ठिपकेवाला. पट पुढें तर लहान तपकिरी. मागें रेघ आणि अंग फिकट तर कंठी. मागें रेघ आणि अंग तांबडें तर लाल होल्याचा नर. 

परंतु दोन ठिकाणीं जाणत्याचीहि फसगत होते. लाल होल्याची मादी म्हणजे लहानसा कंठी होलाच वाटते. तेथें आकाराचें माप कामास येतें : ती साळुंकीएवढी, शेपटी आंखूड, रंग थोडा गडद, कंठी होला पारव्याएवढा, लांबट आणि फिकट. दुसरी अडचण पिलांची. ठिपकेवाल्या होल्याच्या नुकत्याच उडूं लागलेल्या पिलाच्या मानेवर तो पट उमटलेलाच नसतो. अशा वेळीं पिलाकडे पाहत बसण्यापेक्षां त्याला भरविण्यास येणाऱ्या आईबापांची वाट पाहावी. घाई करणारा शिकारी येथेंच चुकत असे.

शहर सोडून सह्याद्रीच्या बाजूस गेलें तर आणखी नातेवाईक भेटतात. रानाच्या कडेला दिसणारा मोठा तांबूस होला पंखांवरील खवल्यांसारख्या पिसांवरून आणि मानेच्या बाजूंवरील काळ्या-निळसर रेघांवरून ओळखूं येतो. दाट जंगलांत जमिनीलगत सुसाट जाणारा हिरव्या पाठीचा आणि लाल चोंचीचा तो पाचू होला. वड-उंबरांच्या फळांवर थव्यानें बसणारा, पिवळ्या पायांचा, हिरवट पिवळा हरियाल हाहि ह्याच कुळांतला. महाराष्ट्रानें त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे.

एवढ्या बारकाव्यांचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी केला तर त्याचें उत्तर अमेरिकेच्या इतिहासांत आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथें प्रवासी पारवा नांवाचा पक्षी अब्जावधि संख्येनें होता. त्याचे थवे डोक्यावरून जाऊं लागले कीं सूर्य झांकला जाई, असें त्या काळच्या लोकांनीं लिहून ठेवलें आहे. बाजारासाठीं झालेली बेसुमार शिकार आणि जंगलांची तोड ह्यांपुढें तो टिकला नाहीं. १९०० च्या सुमारास तो रानांतून नाहींसा झाला, आणि १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयांत त्याची शेवटची मादी मेली. आतां त्याच देशांत त्याच्यासारखा दिसणारा, परंतु लहान, असा एक होला अजूनहि विपुल आहे. प्रवासी पारवा रानांतून गेल्यावरहि कित्येक लोक 'आज प्रवासी पारवा पाहिला' असें कळवीत राहिले. पाहिलेला असे तो बहुधा हा होला. दोन पक्ष्यांतला भेद न कळल्यामुळें एक पक्षी संपला हेंहि लोकांना लवकर उमगलें नाहीं. जो ओळखीचा नाहीं तो गेला तरी त्याची उणीव कोणाला भासणार?

युरोपांत हीच गोष्ट अलीकडे निराळ्या रूपानें घडली. तेथील रानहोल्याची संख्या इतकी घटली कीं २०१५ सालापासून जागतिक यादींत तो धोक्यांतील पक्षी म्हणून गणला जातो, आणि २०२१ पासून कांहीं वर्षें फ्रान्स व स्पेन ह्या देशांना त्याची शिकार थांबवावी लागली. त्याच मुलखांत आपला कंठी होला मात्र मजेंत वाढत होता. एक होला उतरणीला आणि दुसरा चढणीला. दोघांना एकाच नांवानें मोजलें असतें तर बेरीज बरोबर आली असती आणि सत्य मात्र झांकून राहिलें असतें.

आपल्याकडे ओळखीच्या ह्या प्रश्नानें एक मोठा संशोधक दिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईंत एका मुलानें हवेच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, आणि ती नेहमींची चिमणी नव्हे एवढें त्या मुलाच्या ध्यानांत आलें. मामांनीं त्याला १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत धाडलें. तेथील चिटणीस मिलार्ड ह्यांनीं पक्षी ओळखून दिला आणि संस्थेंतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचीं कपाटें उघडून दाखविलीं. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. १९४१ सालीं त्यांनीं भारतीय पक्ष्यांवर जें पुस्तक लिहिलें त्यामुळें पुढें हजारों घरांत बंदुकीऐवजीं दुर्बीण आली. हा पक्षी कोणता, हा प्रश्न शिकाऱ्याचाच. उत्तराचा उपयोग तेवढा पालटला.

आतां पुन्हा सांगवींतल्या त्या गॅलरीकडे वळावें. पूर्वीं जो कायदा सांगितला त्यांत शिकार ह्या शब्दाची व्याख्या पुष्कळांच्या कल्पनेपेक्षां विस्तृत आहे. प्राण्याला मारणें, पकडणें, जाळें लावणें एवढ्यावर ती थांबत नाहीं. वन्य पक्ष्यांच्या बाबतींत अंडीं फोडणें, किंवा अंडीं व घरटें विस्कटणें ह्यालाहि कायदा शिकारच म्हणतो. त्याच कायद्याच्या जुन्या चौथ्या परिशिष्टांत कपोतकुळाला संरक्षण देतांना निळ्या पारव्याला स्पष्टपणें वगळलेलें होतें. २०२२ च्या दुरुस्तीनें परिशिष्टांची मांडणी बदलली, तरी होल्याचें संरक्षण उठलेलें नाहीं. ह्याचा अर्थ असा कीं, कुंडींतल्या चार काड्या कचऱ्यांत टाकणाऱ्या गृहस्थानें जन्मांत बंदूक पाहिलेली नसली तरी, काड्यांवर बसलेला पक्षी होला असेल तर, कायद्याच्या दृष्टीनें त्यानें शिकार केलेली असते. आणि तीहि जुना शिकारी कधीं करीत नसे तशी, पक्षी न ओळखतां.

म्हणून घरट्याला हात लावण्यापूर्वीं दोन मिनिटें थांबून पाहावें. अंड्यांवरून निर्णय होणार नाहीं. पारव्याचीं आणि होल्याचीं दोघांचींहि अंडीं पांढरीं आणि बहुधा दोनच असतात. बसलेला पक्षी पाहावा. पंखावर दोन काळे पट्टे आणि मानेवर झळाळी दिसली तर तो पारवा. त्यानें पुन्हा तेथें येऊं नये म्हणून जाळी लावणें, जागा स्वच्छ ठेवणें आणि दाणे न टाकणें हे सरळ उपाय आहेत. पण गळ्यावर किंवा मानेवर ठिपक्यांचा पट दिसला, तर तो होला. त्याला त्याचे दिवस द्यावे. हे दिवस फार नसतात. अंडीं उबविण्यास सुमारें दोन आठवडे आणि पिलें उडण्यास साधारण तितकेच. महिन्याभरांत कुंडी मोकळी होते. त्या काळांत ह्या कुळाचें एक नवल घरबसल्या पाहावयास मिळतें. नर आणि मादी दोघेंहि आपल्या गळ्यांतील अन्नपिशवींत तयार होणारें दुधासारखें द्रव्य पिलांना पाजतात. पक्ष्यांत असें दूध पाजणारीं कुळें फारच थोडीं आहेत.

घरांतल्या मुलांना एक वही द्यावी. तींत तारीख, वेळ, पक्ष्याची मान कशी होती आणि तो कोठें बसला होता, एवढेंच लिहावयास सांगावें. चार महिन्यांनीं ती वही सांगेल कीं आपल्या आवारांत होले किती जातींचे येतात आणि कोणता केव्हां दिसेनासा होतो. नदीकांठची एक बाभूळ तुटली तर कंठी होल्याचा आवाज कमी झाला कीं नाहीं, हेंहि तीच वही सांगेल. कबूतर हा एकच शब्द लिहिलेली वही तें कधींहि सांगणार नाहीं.

उद्यां पहांटे घुमण्याचा आवाज आला म्हणजे खिडकीशीं जावें, आणि उत्तर देण्याची घाई न करतां आधीं मानेकडे पाहावें.